जुन्या गोव्यातली चर्च, मठ आणि मनोरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याला जाणारा मराठी माणूस मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन मनोभावे घेतो, किनाऱ्यावर दोन दिवस काढतो आणि जुने गोवे परतीच्या वाटेवर तासाभरात उरकतो. या गावाला तेवढ्यात न्याय मिळत नाही. जवळजवळ तीन शतके पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साऱ्या कारभाराची ही राजधानी होती. इथला दगड, चांदी आणि उजाड माळ यांत आपल्याही इतिहासाचे धागे अडकलेले आहेत. जाण्याआधी लोक जे विचारतात, आणि जाऊन आल्यावर ज्या शंका डोक्यात घोळतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

जुने गोवे नेमके कुठे आहे? पोहोचायचे कसे?

मांडवीच्या काठाने पणजीच्या पूर्वेला नऊ-दहा किलोमीटरवर. पणजीच्या कदंब बसस्टँडवरून बस मिळतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन सर्वांत जवळचे. स्वतःची गाडी असेल तर बायपासने न जाता रायबंदरवरून जा. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा खारजमिनीतला लांबलचक बांध 1633-34 च्या सुमाराचा आहे आणि आजही त्यावरून वाहतूक चालते.

एवढी प्रचंड चर्च एकाच ठिकाणी, आणि आजूबाजूला शहर कसे नाही?

शहर होते. विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यातले हे भरभराटीचे बंदर आफोंसो द आल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी जिंकले. घोड्यांचा व्यापार, मसाले, रेशीम, चिनी भांडी असे सगळे या धक्क्यावर उतरत असे. ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, अशी म्हण पोर्तुगीजांत पडली होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे एकेक धर्मसंघ येत गेले, आणि प्रत्येकाने आपले चर्च, आपला मठ दुसऱ्याच्या तोडीस तोड उभारला. एवढ्याशा परिघात इतकी भव्य बांधकामे दिसतात ती त्यामुळे.

मग रोगराई आली. पाण्याचा निचरा धड नाही, विहिरींत घाण झिरपते, आणि दाट वस्ती. पटकी आणि हिवतापाच्या साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. समुद्रावरही डचांनी पोर्तुगीजांचा व्यापार हिसकावला. व्हाइसरॉय आधी पणेलीला, मग 1759 मध्ये पणजीला राहायला गेले, आणि 1843 मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. ओस पडलेल्या हवेल्यांचे चिरे काढून नव्या शहराच्या कामाला नेले गेले. 1834-35 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघच बरखास्त केल्यावर मठही रिकामे झाले. घरे गेली, बाजार गेला, आणि जी चर्च लोकांनी सांभाळली तेवढी राहिली. 1986 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

आमच्याकडे एकच दिवस आहे. कुठून सुरुवात करू?

सकाळी लवकर बॉम जेझस बॅसिलिका, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल, त्याच्या आवारातच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आणि पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय. मागच्या बाजूला सेंट कॅथरिनचे छोटे चॅपेल. तिथून खाली नदीकडे सेंट कॅजेटन आणि व्हाइसरॉयची कमान. जेवून ऊन कलल्यावर टेकडीवर चढा: सेंट मोनिकाचा मठ, ऑगस्टिनचा पडका मनोरा आणि अगदी टोकाला अवर लेडी ऑफ द रोझरी. बहुतेक सहली टेकडीवर जातच नाहीत. माझ्या मते अर्धे जुने गोवे त्या टेकडीवर आहे. वेळ कमी पडला तर खालचे एखादे चर्च सोडा, टेकडी सोडू नका.

संग्रहालय शुक्रवारी बंद असते. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, त्यामुळे पाहुण्यांना जरा उशिरा आत सोडतात.

बॅसिलिका आणि कॅथेड्रल यांत फरक काय? मोठे कोणते?

धर्मप्रांताच्या बिशपांचे, इथे आर्चबिशपांचे, अधिकृत आसन ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. बॅसिलिका हा पोपकडून मिळालेला मान असतो. बॉम जेझसला तो 1946 मध्ये मिळाला. आकाराने से कॅथेड्रल कितीतरी मोठे, आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक. गर्दी मात्र बॅसिलिकेत जास्त असते, कारण सेंट फ्रान्सिस झेवियर तिथे आहेत.

बॉम जेझस बाहेरून एवढे उघडे, तांबूस का दिसते? गिलावा करायचा राहिला का?

गिलावा होता. या चर्चची पायाभरणी 24 नोव्हेंबर 1594 रोजी झाली आणि 15 मे 1605 रोजी ते प्रार्थनेसाठी पवित्र केले गेले. त्यानंतर जवळजवळ साडेतीन शतके त्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो 1950 च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या जीर्णोद्धाराच्या कामात खरवडून काढला गेला. जुनी इमारत जुनी दिसावी, अशी त्यामागची कल्पना होती.

ज्याने कोकणातले जांभ्याचे घर पाहिले आहे त्याला यातला धोका सांगावा लागत नाही. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो. चार महिने गोव्याचा पाऊस उघड्या जांभ्यावर कोसळला की चिऱ्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होत जातो, ओल भिंतीतून आत सरकते आणि लाकडी कोरीव कामापर्यंत पोहोचते. गिलावा परत चढवावा की लोकांच्या डोळ्यांत बसलेले तांबडे रूप राखावे, यावर वास्तुतज्ज्ञांत आणि भाविकांत वाद आहे. मी गिलाव्याच्या बाजूचा आहे. मूळ बांधणाऱ्यांनी चुना शोभेसाठी लावला नव्हता, तो दगडाचा अंगरखा होता, आणि फोटोत छान दिसते म्हणून इमारतीला दर पावसाळ्यात भिजत ठेवणे मला पटत नाही.

दर्शनी भाग निरखून पाहा. तांबूस जांभ्यात मधूनमधून काळे, रेखीव खांब आणि पट्ट्या दिसतील. तो काळा पाषाण वसईहून जहाजाने आणलेला आहे. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून जिथे जिथे कोरीव काम हवे तिथे वसईचा दगड वापरला. सर्वांत वर, जेझुइटांचे चिन्ह असलेली तीन अक्षरे त्याच दगडात आहेत. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च पाहिलेल्या माणसाला इथे उभे राहिल्यावर दोन्ही गावे एकाच किनाऱ्याची होती हे डोळ्यांनी कळते.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा गोव्याशी संबंध किती? ते इथेच वारले का?

नाही. स्पेनमधल्या नवार प्रांतात 1506 मध्ये जन्मलेले झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. इग्नेशियस लोयोला यांच्याबरोबर जेझुइट संघ सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. पुढच्या दहा वर्षांत त्यांचा बराच काळ प्रवासातच गेला: दक्षिणेची मोत्यांची किनारपट्टी, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान. चीनमध्ये शिरण्याच्या प्रयत्नात असताना, किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर 3 डिसेंबर 1552 रोजी त्यांचे निधन झाले. देह आधी तिथेच पुरला, मग मलाक्काला नेला आणि 1554 मध्ये गोव्यात आणला. एवढ्या महिन्यांनंतरही तो कुजला नव्हता, ही त्यांच्याविषयीच्या श्रद्धेची मुळाशी असलेली गोष्ट. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळाले. आधी सेंट पॉल कॉलेजात असलेला देह 1624 मध्ये बॉम जेझसमध्ये हलवला गेला.

गोव्यात लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. हे म्हणणारे सगळे ख्रिस्ती नसतात. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावून हात जोडणारे हिंदू गोवेकर तुम्हाला कोणत्याही दिवशी दिसतील.

ती चांदीची पेटी आणि खालचा संगमरवरी चौथरा कोणी केला?

दोन्ही वेगवेगळ्या काळची, वेगवेगळ्या देशांची. चांदीची पेटी 1636-37 ची, गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली. तिच्या बाजूंवर संताच्या आयुष्यातले 32 प्रसंग चांदीच्या पत्र्यात उठवले आहेत. पेटी उंचावर असल्याने ते खालून नीट दिसत नाहीत, त्यामुळे शक्य झाल्यास छोटी दुर्बीण न्या. रेखाटनाचे विषय युरोपातून आले असतील, पण चांदीवरचा हात इथला आहे.

खालची रंगीत संगमरवराची समाधी इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने दिलेली. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने ती दहा वर्षे खपून केली. सुटे भाग जहाजाने आले आणि 1698 मध्ये इथे जोडले गेले. संताचे मस्तक ज्या उशीवर टेकवलेले होते ती उशी जेझुइटांनी ड्यूककडे पाठवली होती, तिची ही परतभेट.

शवदर्शन कधी असते? एरवी काही दिसते का?

साधारण दर दहा वर्षांनी. मागचे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. त्या वेळी पेटी मिरवणुकीने बॅसिलिकेतून से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि भाविक तिथे रांगेने दर्शन घेतात. याच क्रमाने पुढचे 2034 च्या अखेरीस यायला हवे. एरवी पेटी उंच चौथऱ्यावरच असते, आणि आतले अंधुकच दिसते. देह आज पूर्ण नाही. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग 1614 मध्ये रोमला नेला, तो तिथल्या जेझुइट चर्चमध्ये आहे.

संभाजी महाराज आणि झेवियर यांच्या पेटीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. 1683 मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. संभाजी महाराज स्वतः कुमक घेऊन आले आणि पोर्तुगीजांना हात हलवत माघारी फिरावे लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस मराठ्यांनी रात्री ओहोटी साधून जुवे बेटावरचा किल्ला घेतला. हे बेट राजधानीपासून अगदी हाकेच्या अंतरावर. ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जेमतेम जीव वाचवून परतला. शहराचा बचाव आपल्याच्याने होत नाही हे उमगल्यावर तो बॉम जेझसमध्ये गेला, संताची पेटी उघडवली आणि आपला राजदंड व अधिकारपत्रे देहाजवळ ठेवून शहर त्यांच्या हवाली केले. पुढे मोगल शाहजादा शाह आलमची फौज कोकणात उतरल्याने महाराजांना मोहीम आवरती घ्यावी लागली.

गोव्याच्या भाविकांनी हा संताचा चमत्कार मानला, आणि नव्या गव्हर्नराने समाधीपुढे राजदंड स्वीकारायचा प्रघात पडला. आपण मराठी माणसे या पेटीपुढे उभे राहतो तेव्हा रायगडाच्या दुसऱ्या छत्रपतींचा धाक इथवर पोहोचला होता हे माहीत असावे, असे मला मनापासून वाटते. तिथल्या कोणत्याही पाटीवर ते लिहिलेले नाही.

से कॅथेड्रलला एकच मनोरा का?

दोन होते. उत्तरेकडचा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली प्रचंड घंटा आहे. ती सोन्याची नाही, नाव तिच्या आवाजावरून पडले.

चर्चचे काम 1562 मध्ये सुरू झाले, मुख्य इमारत 1619 मध्ये झाली आणि वेद्यांचे काम पुढे 1652 पर्यंत चालले होते. हे सेंट कॅथरिनला वाहिलेले आहे, कारण आल्बुकर्कने शहर घेतले तो दिवस तिच्या सणाचा. मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत तिच्याच आयुष्याची चित्रे आहेत. बाजूच्या एका चॅपेलमध्ये चमत्काराचा क्रूस आहे. 1619 मध्ये त्यावर येशूचे दर्शन झाले असे मानतात, आणि तो हळूहळू वाढतो अशीही श्रद्धा आहे. तिथे नवस बोलणाऱ्यांची ये-जा सतत असते, त्यामुळे आवाज न करता उभे राहा.

घंटांचा विषय निघालाच आहे तर: वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले, आणि त्यांतल्या काही भीमाशंकर आणि मेणवलीला आजही टांगलेल्या आहेत. त्या पाहिलेल्यांनी इथल्या घंटेशी त्यांची घडण ताडून पाहावी.

सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी आणि संग्रहालय वेळ द्यावा असे आहे का?

आवर्जून. फ्रान्सिस्कन साधू 1517 मध्ये आले. आजचे चर्च 1661 मधले, पण पुढचा काळ्या दगडाचा दरवाजा इथल्याच जुन्या, 1521 मधल्या चर्चचा जपून ठेवलेला आहे. आत फरशीकडे पाहत चाला, ती सगळी थडग्यांची आहे. सरदारांची कुलचिन्हे कोरलेले शिलाखंड शेकडो वर्षांच्या पावलांनी झिजलेले आहेत.

शेजारच्या मठात 1964 पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग, आणि खाली पोर्तुगीजांच्या आधीच्या कदंब राजांच्या काळातल्या मूर्ती व वीरगळ. त्यांत जहाजावरची लढाई कोरलेला वीरगळ शोधा. देशावर वीरगळ सहसा गोधन राखताना पडलेल्या वीराचे दिसतात, इथे वल्ही मारणारे नाविक आहेत. पोर्तुगीज येण्याआधीही हा दर्यावर्दी मुलूख होता.

सेंट कॅजेटन?

सतराव्या शतकाच्या मध्यात इटालियन थिएटाइन साधूंनी रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून बांधले. वर घुमट, आणि घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत एक विहीर. बाहेर आवारात काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी आहे. आदिलशहाच्या राजवाड्याची तेवढीच खूण उरली. पहिले व्हाइसरॉय त्याच वाड्यात राहत. नदीकडे उतरताना लागणारी व्हाइसरॉयची कमान वास्को द गामाच्या पणतूने, व्हाइसरॉय असताना, 1599 मध्ये उभारली. तिच्या एका अंगाला वास्कोचा पुतळा आहे. दुसऱ्या अंगाला हातात तलवार घेतलेली स्त्री आणि तिच्या पायाखाली पडलेला पौर्वात्य पुरुष आहे. नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात येई. त्या पायाखालच्या माणसाकडे थोडा वेळ पाहा.

टेकडीवरचा तो पडका मनोरा कशाचा?

ऑगस्टिनियन साधूंच्या चर्चचा. चर्च 1602 मध्ये पूर्ण झाले. मनोरा 46 मीटर उंच, सगळा जांभ्याचा. धर्मसंघ बरखास्त झाल्यावर देखभाल थांबली, 1842 मध्ये मुख्य छत कोसळले, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. इथली घंटा पणजीच्या अवर लेडी ऑफ इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये गेली. पायऱ्यांवरचे ते पांढरेशुभ्र चर्च, चित्रपटांत सतत दिसणारे. घंटा अजून तिथे वाजते.

इथली सर्वांत विलक्षण हकिगत जॉर्जियाच्या केतेवान राणीची. इराणच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवले आणि धर्म सोडत नाही म्हणून 1624 मध्ये शिराझला हाल करून मारले. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि काही 1627 मध्ये गोव्यातल्या या मठात आणल्या. जॉर्जियाच्या चर्चने तिला संत मानले. पण मठ पडला, आणि अस्थी ढिगाऱ्याखाली गेल्या. जुन्या पोर्तुगीज कागदांत एवढीच खूण होती की त्या मठातल्या सभागृहाच्या एका खिडकीशी दगडी पेटीत ठेवल्या आहेत. आधी ती खिडकी सापडायला हवी होती. पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसत 2004 च्या सुमारास त्या जागी हाडे शोधली, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासला, आणि मायटोकॉन्ड्रियल (आईकडून येणारा) डीएनए जो निघाला तो भारतात सहसा न आढळणारा, जॉर्जियात मात्र सापडणारा होता. 2021 मध्ये भारताने त्या अस्थींचा काही भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

भग्नावशेषांत फिरताना भिंतीच्या बुडाशी निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटलेले दिसतात. ते उचलू नका, खरवडू नका.

टेकडीवर आणखी काय?

सेंट मोनिकाचा मठ, सतराव्या शतकातला साध्वींचा. त्याच आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे आणि ते चुकवू नये असे मी सगळ्यांना सांगतो. हस्तिदंती बाळ येशू पाहा: डोळे, ओठ, बसण्याची ढब आपल्याकडच्या बाळकृष्णाजवळची. कारागीर बहुतेक स्थानिक होते. गिऱ्हाईक ख्रिस्ती, विषय ख्रिस्ती, पण छिन्नी धरणाऱ्याच्या बोटांना जे वळण पिढ्यान्‌पिढ्यांचे तेच त्यात उतरले.

आणि टोकाला अवर लेडी ऑफ द रोझरी. याच टेकडीवरून आल्बुकर्कने 1510 ची लढाई पाहिली आणि नवस बोलला. त्याच्या मृत्यूनंतर, 1540 च्या दशकात, तो फेडला गेला. बसके, किल्ल्यासारखे, कोपऱ्यांवर गोल बुरुज. इथून मांडवी, दिवाडी बेट आणि पलीकडचे मुलूख एका नजरेत येतात.

ही चर्च देवळे पाडून बांधली का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारताना मात्र आवाज खाली जातो. सरळ उत्तर देतो. तिसवाडीतली देवळे पाडण्याचा हुकूम 1540 मध्ये निघाला, आणि पुढच्या तीन दशकांत साष्टी-बारदेशातही तेच झाले. लोकांनी रातोरात देव हलवले. कुठ्ठाळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे सगळे नदी ओलांडून फोंडा महालात गेले, कारण तो तेव्हा आदिलशाहीत होता. आज आपण ज्यांना गोव्याची प्राचीन देवळे म्हणून पाहायला जातो ती या विस्थापित देवांची घरे आहेत. मात्र जुन्या गोव्यातले प्रत्येक चर्च एखाद्या देवळावरच उभे आहे, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. हे आदिलशाही शहर होते आणि इथे मशिदी, वाडे, बाजार होते. जिथे पुरावा आहे तिथे तो सांगावा, नाही तिथे रचू नये.

इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, 1560 मध्ये सुरू झाले, मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चालले. धर्मांतरित ज्यू आणि जुन्या चालीरीती गुपचूप पाळणारे नवख्रिस्ती यांचा त्यात छळ झाला. झेवियर यांनी 1546 मध्येच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून हे न्यायालय मागितले होते. ते आले त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्याची इमारत से कॅथेड्रलसमोरच्या चौकात होती, आज तिचे काही उरलेले नाही. जवळच रस्त्यात ‘हातकातरो खांब’ उभा आहे. देवळाच्या घडणीचा काळा खांब, लोकस्मृतीत शिक्षेची जागा. या चौकात कसलेच स्मारक नाही, हे मला खटकते. चर्चची कला मनापासून आवडणे आणि हा छळ विसरायला नकार देणे, ही दोन्ही एकाच माणसाला करता येतात.

मराठी भाषेचा इथे काही संबंध?

मोठा. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये इथल्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. त्या कॉलेजचा आज फक्त दर्शनी दरवाजा उभा आहे, गाड्या त्याच्यापुढून भरधाव जातात. 1579 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण लिहिले. ते 1616 मध्ये रायतूर इथे छापले गेले. छपाई रोमन लिपीत झाली, पण ओवीची चाल अस्सल आपली. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी हे पुराण चर्चमध्ये भक्तीने म्हटले.

आम्ही हिंदू आहोत. आत जाऊन चालेल का? काय पाळावे?

चालेल, कोणी अडवत नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. डोक्यावरची टोपी काढा. मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) चालू असेल तर मधल्या वाटेने वेदीकडे जाऊ नका, मागच्या बाकावर बसून घ्या. मिस्सा कोकणीत असली तर कान देऊन ऐका, बरेच कळेल. कम्युनियनच्या रांगेत उभे राहू नका, तो प्रसाद त्यांच्या धर्मात दीक्षित लोकांसाठीच आहे. वेदीकडे पाठ करून सेल्फी काढणे टाळा. आपल्या गाभाऱ्यापुढे कोणी तसे केले तर आपल्याला जे वाटेल तेच इथल्यांना वाटते.

झेवियर यांच्या फेस्ताच्या (सणाच्या) वेळी यावे की टाळावे?

नुसती वास्तू पाहायची असेल तर टाळा, माणसे पाहायची असतील तर जरूर या. 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना, 3 डिसेंबरला फेस्त. सिंधुदुर्गातून, बेळगाव-कारवारकडून भाविक दिवसेंदिवस पायी चालत येतात. हातात जपमाळ, पायांत साध्या चपला, वाटेत गावकऱ्यांनी ठेवलेले पाणी. ज्याने आळंदी-पंढरपूरची वाट चालली आहे त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. बॅसिलिकेबाहेरच्या फेरीत (जत्रेच्या बाजारात) खाजे आणि चण्यांचे ढीग लागतात. तिथेच मेणाचे हात, पाय, डोळे, बाळे विकायला असतात. ज्या अवयवाचे दुखणे, त्याचा मेणाचा आकार घेऊन नवस करायचा.

पावसाळ्यात जाऊ का?

जा. गर्दी नसते आणि जांभा ओला होऊन गडद तांबडा दिसतो. टेकडीवरच्या पायवाटा शेवाळाने निसरड्या होतात, तेव्हा वयस्कर माणसांना खालची चर्चच दाखवा.

सगळे पाहून झाले आणि दुपार उरली आहे. आता काय?

व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर या आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळ तिथलेच. देऊळ पाडल्यावर लिंग पलीकडे डिचोली महालात नेले, आणि त्या देवाचे देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये नव्याने बांधवले. दारावरचा त्या सालचा शिलालेख आजही वाचता येतो. अलीकडेच जीर्णोद्धार होऊन 2023 मध्ये ते पुन्हा खुले झाले. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाच्या नार्वे धक्क्यावरून आणखी एक फेरी मिळते, ती थेट डिचोलीच्या बाजूला उतरवते. तिथून देऊळ जवळ आहे. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ मात्र जातानाच खलाशांना विचारून ठेवा.